घरोघरची यंत्रे : गिटारीला आवाज किती हवा?

या सदरात आजवर आपण शिवणयंत्राची कुरकुर ऐकली, पाण्याच्या पंपाचे रुसवे काढले आणि शीतकपाटाला घाम का फुटतो याचीही चौकशी केली. आजचा विषय थोडा नखरेल आहे. विजेच्या गिटारीसाठी व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला मुले नुसते ‘ॲम्प’ म्हणतात तो, कसा निवडावा? आणि तोही असा की आवाज मोठा व्हावा, पण फाटू नये. काही वाचक म्हणतील, ‘हे आमच्या घरात कुठले?’ त्यांनी जरा वरच्या मजल्यावर कान द्यावा. हल्ली जळगाव-धुळ्यात ज्या घरी पूर्वी हार्मोनियमची पेटी असे, त्या घरी गिटार भिंतीला टेकून उभी असते.

तसे पाहिले तर तारेच्या वाद्याला विजेचा आवाज देणे हे खानदेशाला नवे नाही. लग्नाच्या वरातीत गाडीवर कर्णे लावून जो ‘बँजो’ वाजतो, तो खरा बँजो नव्हेच. ते बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानच्या ‘ताइशोगोतो’ या वाद्यात आहे आणि ते नागोया शहरी १९१२ साली निघाले. टंकलेखन यंत्रासारख्या त्याच्या पट्ट्या. जपानहून निघालेले हे वाद्य आमच्या वरातीत असे रुळले, की त्याच्यावाचून नवरदेव पारावरून हलत नाही! गिटारीचेही तसेच. आडवी मांडून, पोलादी तुकडा तारांवरून सरकवत वाजवायची हवाईयन गिटार आपल्याकडे कितीतरी घरांत शिकवली जाई. ब्रिजभूषण काबरा यांनी तर तिच्यावर रागदारी आणली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची.

आता यंत्राकडे वळू. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात केलेली काचेची नळी. फ्लेमिंगने १९०४ साली पहिली नळी केली. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तिच्यात तारेची एक जाळी घातली, आणि बारीक आवाजाचा मोठा आवाज करणे पुढे त्या जाळीमुळे साधले. १९४७ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. हळूहळू रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, सभांच्या ध्वनिक्षेपकातून गेले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना सोडले नाही. ज्या साली आमच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच १९३६ साली अमेरिकेत आर. सी. ए. कंपनीने ‘सिक्स-एल-सिक्स’ नावाचा व्हॉल्व्ह बाजारात आणला. त्याच जातीचे व्हॉल्व्ह आजही गिटारीच्या ध्वनिवर्धकात तांबूस उजेड पाडत बसलेले दिसतात.

एवढे प्रेम कशासाठी? तर व्हॉल्व्हची शक्ती संपत आली की तो एकदम भांडत नाही, आधी कुरकुरतो. ध्वनीच्या लाटेचे शेंडे हळूहळू बोथट होतात आणि आवाजाला एक खरखरीत रंग चढतो. रॉक संगीतवाल्यांना तो रंगच हवा असतो. ट्रान्झिस्टर बहुधा शेवटपर्यंत सरळ चालतो आणि मग एकाएकी शेंडे सपाट कापतो. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला कायम निर्मळ आवाजच हवा आहे, खरखर कधीच नको, त्याने व्हॉल्व्हचा हट्ट धरू नये. रोलंड कंपनीचा जे-सी-१२० हा ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक १९७५ पासून याच निर्मळपणासाठी नावाजलेला आहे. दोन्ही रंग हवे असतील, तर व्हॉल्व्हचा विचार करावा.

मोठा आणि निर्मळ आवाज हवा म्हणजे शक्ती शिल्लक हवी. कन्नडचा घाट चढणाऱ्या ट्रकाचे उदाहरण घ्या. सपाटीवर दोन्ही ट्रक सारखेच धावतात. घाटात ज्याच्या इंजिनात जोर शिल्लक आहे तो गुणगुणत जातो, दुसरा धापा टाकतो. पण इथे वॅटचा हिशेब फसवा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा इतका, म्हणजे सुमारे १० डेसिबल वाढवायचा तर वॅट दसपट लागतात! उदाहरणार्थ, फेंडर कंपनीचे १९६३ सालचे दोन नमुने घ्या. त्यांच्या आजच्या आवृत्तींपैकी ‘ट्विन रिव्हर्ब’ ८५ वॅटचा, त्यात चार सिक्स-एल-सिक्स आणि १२ इंची दोन स्पीकर, वजन सुमारे २९ किलो. ‘डिलक्स रिव्हर्ब’ २२ वॅटचा, एकच स्पीकर, वजन सुमारे १९ किलो. चौपट वॅट, पण त्यांतला फरक जेमतेम ६ डेसिबलचा. स्पीकर दोन असल्याने आणखी थोडी भर पडते, इतकेच. तात्पर्य, वॅट पाहून भुलू नये. स्पीकर किती ‘संवेदनशील’ आहे हेही विचारावे. ३ डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर लावला, की वॅट दुप्पट केल्याचे पुण्य फुकट पदरात पडते.

हा सगळा हिशेब मला यंदा प्रत्यक्ष मांडावा लागला, कारण प्रश्न घरातलाच होता. माझी धाकटी बहीण धुळ्याला देवपुरात असते. तिचा मुलगा गिटार वाजवतो. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात, एरवी बहिणीच्या भावगीतांना साथ म्हणून, आणि उरल्या वेळी मित्रांबरोबर इंग्रजी ढंगाचे काहीबाही. त्याने ८५ वॅटच्या ध्वनिवर्धकावर मन बसवले होते. किंमत लाखाच्या पुढे. दाजींनी गच्चीची गळती काढण्यासाठी जी रक्कम बाजूला ठेवली होती, ती त्यातच जाणार होती. पण दाजींचा विरोध पैशापुरता नव्हता. त्यांची बावीस वर्षे कापड गिरणीच्या मागखात्यात गेली. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले आहेत. गेले म्हणजे पुरते गेले नाहीत. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. अतिआवाजाने बिघडलेला कान आधी ४,००० कंपनांच्या आसपासचे उंच स्वर गमावतो, आणि आपल्या भाषेतले स, श, ट यांसारखे वर्ण ओळखायला तेच उंच स्वर लागतात. घरात कुणी ओरडून बोलले की दाजी म्हणतात, “ओरडू नका, नीट बोला.” त्यांचे म्हणणे एकच होते : “ज्या आवाजाने माझे कान खाल्ले, तो मी माझ्या पैशाने घरात आणू?”

भाचा मला म्हणाला, “मामा, तुम्ही दाजींना समजवा ना. मोठा असला तरी तो स्वच्छ आवाज आहे.” मी म्हटले, “समजावण्यापेक्षा ऐकवू या.” त्याच्या ओळखीच्या वादकांकडून २२ आणि ८५ वॅटचे दोन ध्वनिवर्धक एका दुपारपुरते मागून आणले. एक मंगल कार्यालय रिकामे मिळाले. दाजींना पंधरा पावलांवर खुर्ची दिली. भाची कार्यालयाच्याच ध्वनिक्षेपकावर गाणार, एक मित्र ढोलकी धरणार, आणि भाचा साथ करणार.

आधी लहान ध्वनिवर्धक. ढोलकी चढली, भाच्याने चावी अर्ध्याच्या पुढे नेली आणि आवाज खरखरू लागला. दाजींनी मान हलवली. मग मोठा. तो खरोखर निर्मळ वाजला. खरखर नावाला नाही. पण त्याच्या झोतात भाचीला स्वतःचा सूर ऐकू येईना, आणि गिटारीचा आवाज तिच्या मायक्रोफोनमध्ये शिरून शब्दांवर साय धरल्यासारखा बसला. दाजी गप्पच. शेवटी लहान ध्वनिवर्धक पुन्हा मांडला, चावी तिसऱ्या अंकावर ठेवली, त्याच्या स्पीकरपुढे एक मायक्रोफोन धरला आणि आवाज दूर नेण्याचे काम कार्यालयाच्या ध्वनिक्षेपकावर सोपवले. गाणे सुरू झाले. दुसऱ्या कडव्याला दाजी खुर्चीत पुढे सरकले आणि बहिणीकडे वळून म्हणाले, “आते माले शब्द ऐकू उनात.” भाचा खाली मान घालून वाजवत राहिला. लेकाची साथ आणि लेकीचे शब्द त्यांना एकत्र ऐकू आल्याला किती वर्षे झाली होती, हे त्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते.

घेतला तो २२ वॅटचाच, आणि तोही वापरलेला. उरलेल्या पैशात मायक्रोफोन आला, कानात घालायचे बोळे आले, आणि गच्चीही पावसाळ्याआधी झाली.

आता तुमच्या घरच्या वादकासाठी थोडक्यात सांगतो. ऑर्केस्ट्रा, सिनेगीते किंवा भावगीते असतील आणि समोर मोठा ध्वनिक्षेपक असणारच असेल, तर १५ ते २५ वॅट पुरे. हवाईयन गिटारीवर मींड घ्यायची असेल, तर स्वर लांबवर टिकला पाहिजे आणि फाटता कामा नये. तिथे शक्ती शिल्लक असलेला, ४० वॅटच्या पुढचा बरा. बुलबुलतरंग मुळातच कर्कश, म्हणून त्याला निर्मळ ध्वनिवर्धक द्यावा आणि उंच स्वरांची चावी उतरवावी. जॅझ वाजवणाऱ्यानेही निर्मळच शोधावा, ट्रान्झिस्टर चालेल. रॉक आणि ब्लूजवाल्याला खरखर हवी असते, आणि ती लहान ध्वनिवर्धकातून कमी आवाजात मिळते, हा त्याचा फायदाच. विलायती ‘व्हॉक्स ए-सी-३०’ तीस वॅटचाच आहे, पण लवकर खरखरतो आणि त्यासाठीच लोक त्याच्यावर जीव टाकतात. उघड्या लॉनवर ध्वनिक्षेपकाशिवाय वाजवायचे असेल तेवढ्यापुरताच मोठ्याचा हट्ट योग्य. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, हे ध्यानात ठेवावे.

दुकानात जाताना आपली गिटार बरोबर न्यावी, आणि बरोबर एखादा गाणारा न्यावा. चावी एकदा पुढे नेऊन खरखर कुठे सुरू होते ते पाहावे. मग पंधरा पावले दूर जाऊन शब्द कळतात का ते ऐकावे. हातात उचलूनही पाहावा. जळगाव-धुळे हे नव्वदेक किलोमीटर २९ किलोचे ओझे घेऊन एस. टी.तून जाणाऱ्याला वॅटचा मोह आपोआप सुटतो.

खानदेशात आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. अमेरिकेहून कुणी ध्वनिवर्धक आणला, तर तो तिकडच्या १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडला तर जळेल. खेड्यात व्होल्टेज चढते-उतरते आणि मांडवात जनरेटर असतो, म्हणून स्टॅबिलायझर लावावा. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झुकतो आणि व्हॉल्व्ह स्वतःच तापतात. मागची बाजू भिंतीला चिकटवू नये, वर चादर टाकू नये. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कधीही चालू करू नये, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि आतल्या भागाला घरी हात लावू नये. आत चारशे व्होल्टच्या वर वीज खेळत असते आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ती दबा धरून बसते.

सर्वांत मोठे पथ्य अर्थिंगचे. १९७२ साली इंग्रजी गिटारवादनाच्या दुनियेतला लेस्ली हार्वी हा तरुण वादक वेल्समधल्या स्वान्सी येथे मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. मायक्रोफोनला अर्थिंग नव्हते. गिटारीच्या तारा बोटांखाली आणि ओठ मायक्रोफोनला, अशा वेळी वीज वादकाच्या देहातून वाट काढते. मांडवातल्या वायरमनला ‘अर्थिंग आहे ना?’ असे दहा वेळा विचारायला लाजू नये.

शेवटी कानांविषयी. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, ही मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला तासभरच. कायद्याचेही एक बंधन आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. कायद्याचे तर पाळावेच. पण शेजारच्या आजोबांची झोप आणि वादकाचे स्वतःचे कान हे त्याहून मोलाचे. गेलेला कान कुठल्याच दुकानात मिळत नाही.

पुढच्या अंकी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांविषयी. तोवर फटाक्यांपासून कान सांभाळा. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि सुरेल जावो!