नाबोथाने मळा विकला

वसईच्या ख्रिस्ती माणसाला धरित्री सांभाळ म्हणून सांगायला रोमहून पत्र यावं लागलं, यापरता विनोद नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी रहाटाच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलं पिकवली, पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून गावोगावी बावखलं राखली, त्यांच्या नातवंडांना पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 246 परिच्छेदांत पर्यावरण समजावून सांगितलं. आम्ही ते पत्र शिरसावंद्य मानलं. त्याचं नाव ‘लाउदातो सी’ हे आता पोरासोरांनाही पाठ आहे. आणि केलं काय? दर पाच जूनला चर्चच्या आवारात रोप लावलं. फादर, ट्रस्टी आणि नगरसेवक अशा तिघांनी मिळून एकच रोप धरल्याचा फोटो काढला. मग जमलेल्यांना पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या.

प्लास्टिक कमी करा, असं त्याच पत्रात लिहिलेलं आहे. पण बाटल्यांचं सोडा, त्या उचलून टाकता येतात. माझा राग वेगळा आहे. धरतीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐका, हा त्या पत्राचा गाभा. आम्ही त्यातल्या पहिल्या आक्रोशावर चित्रकला स्पर्धा घेतली, लहान गट आणि मोठा गट. दुसरा आक्रोश अजून कार्यक्रमपत्रिकेवर यायचा आहे.

जुन्या करारात नाबोथाची गोष्ट आहे. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो हवा होता. त्याने बदल्यात दुसरा चांगला मळा देऊ केला, रोख पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. शेवटी राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी ठेचून मारवलं, आणि राजा मळ्यात शिरला. तिथेच एलीया संदेष्ट्याने त्याला गाठलं आणि खून करून वर मालमत्ताही बळकावलीस काय, असं तोंडावर विचारलं. प्रवचनात ही गोष्ट आली की आम्ही अहाबाच्या नावाने कडाकडा बोटं मोडतो. वसईत ईजबेलला एवढे कष्ट पडलेच नाहीत. बहुतेक ठिकाणी नाबोथच सातबारा काखोटीला मारून बिल्डरच्या ऑफिसात गेला, आणि इमारतीला संताचं नाव द्या एवढी एकच अट घालून आला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा ओरडून सांगत होते. 1980च्या दशकाच्या अखेरीस ते हरित वसईचं आंदोलन घेऊन रस्त्यावर उतरले. बिल्डर, पुढारी आणि गुंड यांच्या साखळीविरुद्ध झगा घातलेला माणूस उभा राहिला. टँकरवाले गोडं पाणी उपसून नेत होते आणि विहिरींना मचूळ पाणी लागत होतं, तेव्हा त्यांनी ते व्यासपीठावरून सांगितलं. त्या काळी आमच्यातल्याच प्रतिष्ठितांचं मत होतं की फादरांनी मिस्सा सांगावी, राजकारण कशाला? पुढे 2020 साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि याच प्रतिष्ठितांनी शालीसाठी रांग लावली. जुलै 2024 मध्ये ते गेले. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर त्यांना हरित वसईचे शिल्पकार म्हटलं होतं. त्यातल्या किती शुभेच्छुकांच्या खात्यावर जमीन उरली आहे, ते तलाठ्याला विचारा.

वाडी परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. मजूर मिळत नाही, भाव मिळत नाही, पोरगा आखातात. पण आमच्या वाडीत खाली वाकून काम कुणी केलं? वारली आणि कातकरी बायाबापड्यांनी. मजुरी दाबून ठेवलेल्या कामकऱ्याची हाक देवाच्या कानी पोचते, असं याकोबाने आपल्या पत्रात मालकांना बजावलं आहे. वाडी विकून आलेल्या पैशात त्यांचा वाटा किती, हा प्रश्न विकताना कुणाच्या डोक्यात तरी आला का?

आणि पाणी. आपली बावखलं बुजवली, विहिरी खारवल्या, आणि मग नळाला पाणी नाही म्हणून मोर्चे काढले. पाणी आलं, पण कुठून? सूर्या नदीवरचं धामणीचं धरण डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीला पाणी द्यायला झालं. त्याच्या योजनेतलं रोजचं 403 दशलक्ष लिटर पाणी आता शहरांकडे वळवलं आहे, 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. धरणासाठी आदिवासी उठले, आणि पाणी आमच्या टॉवरच्या टाकीत चढलं. तहानलेल्याला पेलाभर पाणी देण्याचं पुण्य येशूने सांगितलं. तहानलेल्याचाच पेला काढून घेण्याबद्दलचं प्रवचन ऐकायची मी अजून वाट पाहतो आहे.

आदिवासींच्या बाजूने उभं राहण्याच्या वाटेवर कोण चालतं, ते फादर स्टॅन स्वामींनी दाखवलं. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी बोलणारा जेझुइट. पार्किन्सन्सने हात थरथरतात म्हणून तळोजा तुरुंगात साधा स्ट्रॉ हवा होता, त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, 84 व्या वर्षी, वांद्र्याच्या इस्पितळात ते कैदी म्हणूनच वारले. आम्ही मेणबत्त्या लावल्या. ते तुरुंगात होते ते नऊ महिने आपल्या वेदीवरून काय बोललं गेलं, ते ज्याने त्याने आठवावं.

ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मप्रमुख बार्थोलोम्यू यांनी 1997 सालीच म्हटलं होतं की सृष्टीची नासाडी हे पाप आहे. आमचं पाप-निवेदन मात्र अजून रविवारची मिस्सा चुकली, सासूशी भांडले, यापुढे सरकत नाही. बावखल बुजवलं असं कबूल करणारा एखादा भेटला, तर फादरांना प्रायश्चित्त काय द्यावं ते सुचायचं नाही.

तेव्हा येत्या उपवासकाळात क्रूसाची वाट जरूर करा. त्याआधी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतल्या बावखलांची यादी चर्चच्या दारावर लावावी: किती होती, किती उरली, बुजवली कुणी. शेजारी चर्चच्या मालकीच्या जमिनीचा सातबारा आणि चर्चमध्ये राबणाऱ्या कामगारांची मजुरी लिहावी. फादर लावत नसतील तर तुम्ही लावा. फाडली तर पुन्हा लावा.