शू झाली म्हणून रागावू नका



माझी नात पाच वर्षांची. दोन वर्षं दिवसा कधी चड्डी ओली केली नाही, आणि दिवाळीनंतर रोज दुपारी ओली. पाहुण्यांसमोर मी बोलून गेले, "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" तिचा तो चेहरा अजून आठवतो. माझं चुकलं.

शेजारणी म्हणाल्या, पाणी कमी द्या. मला हे पटत नाही. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, जळजळते, आणि शी घट्ट होते.

मी बी.कॉम., हिशेबाची सवय. जुन्या वहीत रकाने आखले: पाणी कधी, शू कधी, शी कधी. आठवड्यात दिसलं, शी तीन-तीन दिवस नाही, आणि शाळेतून आली की दारातच ओली. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती, म्हणून सकाळपासून दाबून ठेवायची! डॉक्टरांनी आधी वही पाहिली, मग लघवी तपासली. जंतुसंसर्ग नव्हता. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, असं त्या म्हणाल्या.

आता दर दोन तासांनी बसवतो, पायाखाली पाट. पाणी दिवसभर थोडं थोडं. चौविहाराच्या घाईत सूर्यास्ताआधी दोन पेले एकदम पाजणं बंद. सुनेने शाळेत बोलून कडी लावून घेतली.

ताप, जळजळ असेल तर डॉक्टरांकडे जाच. आणि मूल सारखं पाणी मागत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.

परवा आचोळे रोडवर रिक्षा अडकली, तेव्हा तीच म्हणाली, "आजी, शू लागलीय." उतरलो आणि एका दुकानदाराला विचारलं.