पाण्याची फिट्टंफाट लेखी करा

राजारामपुरीसह कोल्हापूर शहराच्या बहुतेक भागाची पिण्याच्या पाण्याची भिस्त आता काळम्मावाडी धरणावर आहे. ज्या थेट पाइपलाइनसाठी शहराने वर्षानुवर्षे आंदोलने केली, ती नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाली. पण ज्या दूधगंगा प्रकल्पातून हे पाणी येते तो एकट्या महाराष्ट्राचा नाही, याची आठवण फार कमी जणांना असते. तो महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा संयुक्त प्रकल्प आहे. सुमारे 25 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातला 4 टीएमसीचा वाटा कर्नाटकाचा, आणि त्या वाट्याचे पाणी निपाणी-चिकोडीकडे जाते. सीमाप्रश्नावर दोन्हीकडची मने तापलेली असतानाही हा व्यवहार चालत आला, कारण कोणाचे किती हे आधी ठरले होते आणि कागदावर होते. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याच्या पूर्व भागाचा पाणीप्रश्न याच रीतीने सुटू शकतो, आणि तो तसा सोडवायला दोन्ही सरकारांनी आतापर्यंत नाहक उशीर केला आहे.

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या जतला पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष चांगले म्हणायचे. कृष्णा सांगली-मिरजेवरून वाहत जाते, शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याखाली कर्नाटकात शिरते आणि जतला वळसा घालून पुढे निघून जाते. कर्नाटकाने जमखंडी तालुक्यात हेच पाणी उचलून तुबची-बबलेश्वर योजनेतून विजापूरच्या कोरड्या पट्ट्यात नेले. ही योजना जतच्या हद्दीला इतकी लगटून जाते की तिचे पाणी जतमधल्या उमदी-संखच्या बाजूला वळवायला नवे धरण लागत नाही. उलट एप्रिल-मे लागला की कृष्णेचे पात्र कर्नाटकात कोरडे पडते आणि बंगळुरूहून मुंबईला पत्र येते. 31 मे 2023 रोजी कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी असेच पत्र पाठवून वारणा-कोयनेतून 2 आणि उजनीतून भीमेत 3 टीएमसी मागितले होते. म्हणजे त्यांना उन्हाळ्यात आपले पाणी हवे असते आणि आपल्याला त्यांच्या कालव्याचे. अदलाबदलीसाठी याहून सोयीची परिस्थिती कुठल्या दोन राज्यांत असेल?

ही कल्पना नवी नाही. 2019 च्या उन्हाळ्यात कर्नाटकाने कोयनेचे पाणी मागितले तेव्हा महाराष्ट्राने पैशांऐवजी पाण्याच्या बदल्यात पाणी मागितले. त्याच ऑक्टोबरमध्ये जतच्या प्रचारसभेत कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी तुबचीचे पाणी देण्याचे आश्वासन दिले आणि त्यावरून त्यांच्याच राज्यात गदारोळ झाला. जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, तेव्हा पुराच्या समन्वयाबरोबर हाही विषय निघाला. पत्रे झाली, बैठका झाल्या, आश्वासने झाली. सही-शिक्क्याचा करार मात्र झाला नाही. म्हणून दर उन्हाळ्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी पाणी हक्काचे उरत नाही, ते मेहेरबानीचे होते. आणि मेहेरबानी कोणत्या पक्षाचे सरकार कुठे आहे, निवडणूक किती जवळ आहे, यावर हलते.

मागणी किती आहे हे एकदा मोजून बघू. 2011 च्या जनगणनेनुसार जत तालुक्याची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या घरात आहे. माणशी दिवसाला 55 लिटर धरले तर वर्षाला साधारण 660 कोटी लिटर पाणी लागते. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. म्हणजे अख्ख्या तालुक्याचे वर्षाचे पिण्याचे पाणी पाव टीएमसीतही बसते. जनावरे, चाऱ्याचे पीक आणि तलाव भरणे धरले तरी पूर्वेकडच्या गावांची गरज एक-दोन टीएमसीच्या आसपास राहील. कोयना धरणाचा साठा 105 टीएमसी, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचा 123. एवढ्या मोठ्या पाण्याच्या मालकांना एवढ्याशा पाण्याचा करार जमत नसेल, तर अडचण पाण्याची नाही.

यावर पहिला आक्षेप सांगलीतूनच येतो: म्हैसाळची विस्तारित उपसा सिंचन योजना मंजूर झाली आहे, तिच्यातून जतच्या 65 गावांना पाणी मिळणार आहे, मग कर्नाटकापुढे हात का पसरायचा? विस्तारित म्हैसाळ व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण म्हैसाळचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलत न्यावे लागते आणि विजेचे बिल थकले की पंप बंद पडतात, हे या भागाने पुन्हा पुन्हा भोगले आहे. शेवटच्या टोकाचे गाव नेहमी शेवटी भिजते. ज्या गावांच्या शेजारून कर्नाटकाचे पाणी वाहते, त्यांना आधी तिथून पाणी मिळाले तर म्हैसाळचा भार हलकाच होईल.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. कर्नाटकाचे पाणी घेतले तर सीमाभागावरचा आपला दावा कमजोर होईल, असे अनेकांना मनापासून वाटते. पण घडले काय ते पाहा. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांच्या कर्नाटकात जाण्याच्या जुन्या ठरावाचा आधार घेऊन त्या गावांवर हक्क सांगितला. तो ठराव गावांनी कन्नडच्या प्रेमापोटी केला नव्हता, पाण्याच्या त्राग्याने केला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुबचीचे पाणी जतमधल्या तिकोंडी परिसरात सोडण्यात आले. पाणी तांत्रिकदृष्ट्या येऊ शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. पण ते आले राजकीय दबाव म्हणून, आणि तसेच थांबलेही. महाराष्ट्राने तेच पाणी कराराने, स्वतःच्या कोयनेच्या मोबदल्यात घेतले असते, तर त्या गावांना मुंबईकडे पाठ फिरवण्याचे कारण उरले नसते आणि बोम्मईंना बोलायला जागा राहिली नसती. काळम्मावाडीतून पाणी घेतले म्हणून निपाणी महाराष्ट्राची झाली, असे कर्नाटक कधी म्हणाले नाही.

तिसरा आक्षेप आलमट्टीच्या फुगवट्याने पूर वाढतो हा, आणि तो खरोखर वजनदार आहे. 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांपुढे गेली. धोक्याची पातळी 43 फुटांची. 2021 मध्ये पुन्हा तेच. आलमट्टीची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 वर न्यायला कृष्णा पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादाने दिलेली मुभा कोल्हापूर-सांगलीला धास्तावणारी आहे, आणि तिला विरोध करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे. पण त्यासाठी उन्हाळ्याचे बोलणे बंद ठेवायचे, हे गणित उलटे आहे. पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने आलमट्टीच्या फुगवट्याला पुराचे मुख्य कारण मानले नाही. तो निष्कर्ष इथल्या अनेकांना पटला नाही. पण 2019 नंतर दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवू लागले, त्याचा उपयोग झाला हे कोणी नाकारत नाही. पुराच्या वेळी विश्वास हवा असेल तर तो दुष्काळाच्या व्यवहारात कमवावा लागतो. आलमट्टीच्या टेबलावर जतचा प्रश्न हा आपल्या हातातला पत्ताही आहे.

खरी मेख मोजमापात आहे. कोयनेतून सोडलेले पाणी राजापूरला पोहोचेपर्यंत कराड-सांगलीच्या काठावरचे हजारो पंप त्यातून उपसा करतात, काही वाफ होऊन जाते. मग सोडलेले 2 टीएमसी मोजायचे की पोहोचलेले? उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे कधी काढायचे, उपसाबंदी किती दिवस, यावरून नदीकाठी दरवर्षी ताण असतो. करारात हे ठरले पाहिजे: मोजणी राजापूरला, मोजणीच्या वेळी दोन्ही राज्यांचे अभियंते हजर, वाटेतली तूट कोणाच्या खात्यावर ते आधीच लिहिलेले, आणि या देवघेवीने लवादापुढच्या कोणाच्याही हक्काला बाधा येणार नाही असे स्पष्ट कलम.

कृष्णेचे पाणी आधी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्रला 800 टीएमसी देताना कृष्णा खोरे प्राधिकरणाचीही योजना मांडली होती. राज्यांचे एकमत झाले नाही आणि ती बाजूला पडली. तरीही याच खोऱ्यात तुंगभद्रा मंडळ 1953 पासून संयुक्त कारभार करते आहे. मोठ्या प्राधिकरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा एका तालुक्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

बंगळुरूहून पुढचे पत्र येत्या उन्हाळ्यात येणारच आहे. त्याला उत्तर देताना मुंबईने टीएमसीच्या आकड्याखाली जतच्या गावांची यादी जोडावी. कोल्हापूर-सांगलीच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, त्याआधीच्या हिवाळी अधिवेशनातच सरकारकडून या कराराची तारीख मागून घ्यावी.