शहाद्याचा रानपिंगळा

२५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. या पक्ष्याची त्याआधीची खात्रीची नोंद १८८४ ची. तो नामशेष झाला, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते.

पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघा अमेरिकनांनी तो शोधला. मला मात्र रासमुसेनबाईंचे जंगलात पाऊल टाकण्याआधीचे काम अधिक मोलाचे वाटते. दक्षिण अमेरिकेतल्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करून त्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये डिलन रिप्ली यांच्या हाताखाली आल्या आणि आपल्याकडच्या पक्ष्यांचे भरून ठेवलेले जुने नमुने तपासू लागल्या. रानपिंगळ्याचे नमुने जगात बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक ब्रिटिश लष्करी अधिकारी रिचर्ड मायनर्त्झहागेन याने दिलेला; चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधल्या मांडवीचे नाव. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्याची शिवण नि आतला कापूस तपासला, आणि पितळ उघडे पडले. नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांचा होता! हे सनदी अधिकारी १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला होते. त्यांनी गोळा केलेला पक्षी मायनर्त्झहागेनने ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. मांडवी बाद झाली, तेव्हा डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदींना किंमत आली आणि माग खानदेशाकडे वळला. त्या खोट्या चिठ्ठीवर विसंबून आधीच्या शोधकांनी केलेली वणवण आठवली की मला आजही संताप येतो.

पुढे २००५ मध्ये जॉन अँडरटन यांच्यासह रासमुसेन यांनी दक्षिण आशियातील पक्ष्यांवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. रानपिंगळ्याच्या राहणीचा अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) फराह इश्तियाक यांनी तोरणमाळ परिसरात केला. आपल्या यावल अभयारण्यातही तो आढळला आहे. त्याला विरळ सागवानी रान लागते, आणि घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या. सातपुड्यात नेमकी तीच झाडे आधी तुटतात.

यावल, चोपडा, शिरपूरच्या डोंगरपट्टीत फिरणाऱ्यांना माझी विनंती आहे. भरदिवसा फांदीवर बसलेला, डोक्यावर ठिपके जवळजवळ नसलेला पिंगळा दिसला, तर त्याला हुसकावू नका. तारीख आणि ठिकाण जसेच्या तसे लिहून वनखात्याला कळवा.