मुतखड्याचा काढा डायलिसिसच्या पेशंटला नको

मुतखडा आणि किडनी निकामी होणं हे दोन निरनिराळे आजार आहेत. एवढी एक गोष्ट घराघरांत पोचली, तर रात्री-अपरात्री धाप लागून आमच्या दारात येणारे बरेच पेशंट यायचे थांबतील.

मी सिंधुदुर्गातल्या एका रुग्णालयात डायलिसिसची सिस्टर आहे. आमच्याकडे कुळीथ रोजच्या जेवणात, माड दारात आणि पुनर्नवा पावसाळ्यात कुंपणाकडेला. मुतखडा झाला की कुळथाचं कढण, गोखरूचा काढा, पानफुटीचं पान, जवाचं पाणी, शहाळं हे ठरलेलंच. त्याला माझा विरोध नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा भरपूर पाणी प्यायल्यावर बहुतेक वेळा आपसूक पडतो. श्रेय पानफुटीला मिळतं, मिळू दे. पण वाडीत कुणाचा खडा पडला, की तोच काढा ‘किडनीवरचं औषध’ म्हणून शेजारच्या क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी थकलेल्या माणसाकडे जातो. माझं भांडण आहे ते इथे.

खडा झालेल्या माणसाची किडनी सहसा चालू असते. त्यानं जास्त पाणी प्यावं, ती ते बाहेर टाकते. किडनी निकामी झालेल्याला लघवीच कमी होते. त्याच्या पोटात गेलेलं पाणी अंगात साठतं, आधी पाय सुजतात, मग फुप्फुसात पाणी भरतं आणि आडवं झोपता येत नाही. पोटॅशियमचंही तसंच. शहाळ्यात ते भरपूर असतं, धडधाकट माणसाला त्याचा काही त्रास नाही. पण ते बाहेर टाकायची वाटच बंद झाली, की रक्तात चढतं आणि थेट हृदयाचे ठोके बिघडवतं.

मागे एका सोमवारी एक शेतकरी काका आले. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वजन चार किलोंनी वाढलेलं, हातापायांत त्राण नाही. ईसीजीच्या कागदावर लाटा भाल्याच्या टोकासारख्या उंच झालेल्या. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावं लागतं, त्यांचं सातच्या वर होतं. कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन लगेच मशीन सुरू केलं. काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी विचारलं, “काकी, घरी काही औषध चालू होतं का?” त्या म्हणाल्या, “नाही हो सिस्टर, औषधबिषध काही नाही. नुसतं शहाळं, सकाळ-संध्याकाळ. आणि जवाचं पाणी.” काका वाचले. शहाळी त्या स्वतः भावाच्या बागेतून आणत होत्या, नवऱ्याला बरं वाटावं म्हणून. त्यांना दोष कसा देणार? डॉक्टरांनी विचारलं होतं ‘औषध’ कोणतं घेता, आणि त्यांच्या लेखी शहाळं हे औषध नव्हतं.

फळांचंही तेच. बिलिंबी आपल्या आमटीत पडते, लोणच्यात पडते, त्यानं काही बिघडत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरवायला म्हणून तिचा रस काढून पिणाऱ्या दहा जणांची किडनी बंद पडल्याची नोंद केरळच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये केली. त्या रसातलं ऑक्झलेट किडनीत जाऊन बसतं. तिचाच भाऊबंद कमरख, बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळतं ते. डायलिसिसवरच्या माणसाला त्यानं न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. जीवही गेलेले आहेत.

आणि पुड्या. ज्यांच्यावर नाव नाही, पत्ता नाही, फक्त ‘सकाळी मधातून’ एवढंच लिहिलेलं असतं, त्या. गुडघेदुखीच्या अशा पुड्यांत वेदनाशामक आणि स्टेरॉइडची भेसळ तपासणीत सापडलेली आहे. वेदनाशामकं महिनोन्‌महिने पोटात गेली तर चांगली किडनीही टिकत नाही. काही डॉक्टरांनी २०२२ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या काही रुग्णांच्या पारंपरिक औषधांत पारा निघाला, आणि ते औषध थांबवल्यावर अनेकांची किडनी सावरली. म्हणजे वेळेवर कळलं तर डायलिसिस टळूही शकतं. पण कळणार कसं? पेशंट सांगत नाही, कारण मागे कधीतरी कुणा डॉक्टरनं चारचौघांत त्याच्यावर खेकसलेलं असतं.

आयुर्वेदाचं नाव घेऊन हे चालतं याचा मला जास्त राग येतो. सुश्रुतानं अश्मरी, म्हणजे मुतखडा, आठ महागदांत मोजला, इतका तो आजार गांभीर्यानं घेतला. आमच्या तालुक्यातले एक वैद्य क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितल्याशिवाय किडनीच्या पेशंटला साधं चूर्णही देत नाहीत, आणि रिपोर्ट वाईट असेल तर त्याच दिवशी आमच्याकडे पाठवतात. उलट मुतखडा हमखास पाडून देण्याच्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात. मूत्रपिंडातल्या खड्यावर औषधाची अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. ती पाटी उतरवायला कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

केसपेपरवर तंबाखू आणि दारू विचारतात, तशी आणखी एक ओळ छापावी: काढा, पुडी, रस, शहाळं, काय घेता, कुणाकडून, किती दिवस? डॉक्टरांनी ती आवाज न चढवता विचारावी. क्रिएटिनिन वाढलेलं असताना कुणी पुडी देऊ केली, तर आत काय आहे ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर घेऊ नका. त्या नादात बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नका, किडनी जाते ती बहुतेक वेळा या दोन आजारांनीच. आणि पुडी आधीच चालू असेल, तर पुढच्या खेपेला रिपोर्टच्या पिशवीत तीही टाकून आणा. कुणी ओरडणार नाही, आम्ही फक्त बघू.