रविवारच्या स्नानाचा शिरस्ता
साप्ताहिक सदर : पशुसंगत

शहरांतील श्वानपालक कुटुंबांत अलीकडे एक शिरस्ता असा रुजला आहे की, रविवारी घरातील मंडळींची आंघोळ, देवपूजा आणि न्याहारी यथासांग उरकली म्हणजे कुत्र्याचा क्रम लागावा, त्याला मोरीत किंवा गच्चीवर साखळीने बांधून पाठीवर बादलीभर पाणी ओतावे, हाताशी असेल तो साबण फेस येईपर्यंत चोळावा, आणि तो प्राणी कान पाडून, शेपूट पायांत घालून सुटकेची वाट पाहत उभा असता आपण एक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात जुना टॉवेल शोधावा. या शिरस्त्यामागील ममतेविषयी मला मुळीच शंका नाही. माझी हरकत आहे ती त्याच्या मुदतीला. लॅब्राडोर, बीगल, पग, बॉक्सर, डॉबरमन, आपल्या मुलखातील कारवानी, किंवा गल्लीतून उचलून आणून घरचे झालेले गावठी पिलू, अशा लहान केसांच्या कोणत्याही निरोगी कुत्र्याला आठवड्याला स्नान लागत नाही. महिना-दीड महिन्यातून एकदा घातलेली आंघोळ त्याला बहुधा पुरते, आणि घराबाहेर फारसे न लोळणाऱ्या कित्येकांचे तर दोन-अडीच महिन्यांनी एकदा घालूनही काही बिघडत नाही.

हे विधान मराठी घरात थोडे धाडसाचे ठरते, कारण नित्य स्नान हा आपल्याकडे केवळ आरोग्याचा नव्हे तर संस्काराचा विषय आहे. ज्या घरात आंघोळीवाचून स्वयंपाकघरात पाऊल टाकलेले एके काळी खपत नसे, त्या घराच्या दिवाणखान्यात महिनाभर स्नान न केलेले जनावर गालिच्यावर ऐसपैस पसरले आहे, ही कल्पना जुन्या पिढीला अस्वस्थ करते आणि नव्या पिढीलाही पाहुणे यायच्या सुमारास किंचित ओशाळवाणी वाटते. परंतु आपण रोज न्हातो त्याचे एक मोठे कारण आपला घाम आहे, आणि तो आपल्या सर्वांगाला येतो; कुत्र्याचे अंग थंड राखण्याची तजवीज निसर्गाने निराळीच केलेली आहे. त्याचा पाण्यासारखा पातळ घाम प्रामुख्याने पंजांच्या गाद्यांतून सुटतो, आणि उष्णतेचा निचरा जीभ बाहेर काढून धापा टाकण्याने होतो. उन्हात फिरून आलेल्या धन्याला घाम धुऊन टाकावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण सोबत फिरून आलेल्या कुत्र्याच्या पाठीवर धुऊन टाकण्याजोगा तसा घाम नसतोच. त्याला त्या घटकेला हवी असते सावली आणि भांडेभर गार पाणी.

त्याची त्वचाही आपल्याहून निराळी आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे थर दहा-पंधरा असतात, तर केसांनी झाकलेल्या जागी कुत्र्याच्या बाह्यत्वचेत ते अवघे तीन ते पाच. आपली त्वचा किंचित आम्ल, त्याची बरीचशी उदासीन. इतक्या पातळ कातड्याचे रक्षण मुख्यतः एका स्निग्ध द्रव्याच्या लेपावर अवलंबून असते. हे द्रव्य केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून सतत पाझरते, त्वचेवर पसरते, तिच्यातील ओलावा बाहेर निसटू देत नाही आणि केसांना ती तुकतुकी आणते जिची पाहुणे तारीफ करतात. अंगाचा साबण स्वभावतः क्षारधर्मी, तेव्हा त्याचा पहिला आघात होतो तो याच लेपावर. महिन्यातून एकदा झालेला आघात त्वचा सहज भरून काढते. दर आठ दिवसांनी तोच घाव पुन्हा बसू लागला म्हणजे ती कोरडी पडते, कोंडा सुटतो, खाज येते, आणि कुत्रे खाजवते म्हणून चिंतातुर झालेली मंडळी त्याला आणखी एकदा, या खेपेस थोडा अधिक साबण लावून, न्हाऊ घालतात. त्यात जंतुनाशक द्रवाचे टोपणभर पाणी मिसळण्याची कोणी तरी वडीलकीची शिफारस करतो, आणि जमिनी पुसण्यासाठी आणलेली बाटली त्या बिचाऱ्याच्या अंगावर रिती होते. या सदराकडे खाजेविषयी जी पत्रे येतात, त्यांत स्नानाची वारंवारता आणि साबणाची जात यांचा उल्लेख क्वचितच असतो. आहाराची मात्र साद्यंत हकिगत असते.

लहान केसांच्या कुत्र्याला स्नान आणखीच कमी पुरते, याला त्याच्या केसांची घडण कारण आहे. केस लांब असला म्हणजे मुळाशी सुटलेले तेल टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, मधल्या मध्ये गुंता होतो, गुंत्यात धूळ, काडीकचरा आणि ओल अडकून राहते. आखूड केसांत हा मुक्काम घडत नाही. अंगावर उडालेला चिखल वाळला की निम्मा आपोआप गळतो आणि उरलेला हाताने झटकता येतो. अर्थात लहान केस म्हणून सगळे एका मापाचे नव्हेत. डॉबरमन, बॉक्सर यांचा केस एकेरी, अंगाला चिकटून बसलेला. लॅब्राडोरचा केस दिसायला आखूड, पण खाली लवीचे दाट अस्तर असलेला दुहेरी, कारण त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर कोळ्यांसोबत पाण्यात काम करीत, आणि पाणी कातड्यापर्यंत पोहोचू न देणारे तेलकट आवरण ही त्या धंद्याची गरज होती. पिढ्यान्‌पिढ्यांनी कमावलेले ते आवरण आपण दर रविवारी साबणाने खरवडून काढतो आणि मग बाजारातून केस चमकदार करणारे तेल विकत आणतो, हा जमाखर्च कोणत्या हिशेबात बसतो ते मला अद्याप उमगलेले नाही. याच्या उलट सोलापूर-लातूरकडच्या माळरानावर हिंडणारे कारवानी कुत्रे पाहावे : अंगावर पातळ लव, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी सडसडीत काया, आणि साबणाशी जन्मात गाठ पडलेली नसतानाही कातडी अशी नितळ की शहरातील लाडावलेल्या श्वानाने हेवा करावा.

मग निगा म्हणून करावे तरी काय? जुन्या पागांतून घोड्यांना रोज खरारा होत असे; लहान केसांच्या कुत्र्याला हवा आहे तो नेमका खराराच. मऊ रबरी दातांचा ब्रश किंवा तसलाच हातमोजा घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटे केसांच्या वळणानुसार फिरवला, तर सुटलेला केस आणि कोंडा निघतो, धूळ जाते, तेल सर्वत्र सारखे पसरते, आणि सोफ्यात टाचणीसारखे रुतून बसणारे ते बारीक केस, ज्यांच्याविषयी गृहिणींची तक्रार लांब केसांच्या कुत्र्यांपेक्षाही कडवट असते, बरेचसे ब्रशातच जमा होतात. शिवाय या निमित्ताने अंगभर हात फिरतो, आणि एखादी गाठ, जखम किंवा गोचीड आरंभीच ध्यानात येते. त्याउपर ओल्या फडक्याने पाय आणि पोट पुसले की दैनंदिन स्वच्छतेचे काम संपले. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याच्या चेहऱ्यावरील वळ्या मात्र वेगळ्या पुसाव्या लागतात, आणि पुसून कोरड्या कराव्या लागतात.

“पण वास येतो त्याचे काय?” हा प्रश्न ठेवणीतला आहे. निरोगी कुत्र्याला कुत्र्याचा म्हणून एक मंद वास असतोच आणि तो सोसण्याची तयारी नसलेल्याने मासे पाळावेत. परंतु आंघोळ घातल्यावर दोन-चार दिवसांतच घर दर्पाने भरू लागले, तर दोष आंघोळ कमी पडल्याचा नसून अन्यत्र कुठे तरी आहे, आणि त्याची रुजुवात केल्यावाचून पुन्हा बादली भरू नये. लोंबत्या कानाच्या कुत्र्यांत पहिला संशय कानांवर घ्यावा : तेथील उबदार ओलीत मालासेझिया नावाचे किण्व माजते आणि आंबूस वास सुटतो. दुसरा दातांवर साचलेल्या किटणावर. तिसरा गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस असलेल्या ग्रंथींवर, ज्या तुंबल्या म्हणजे कुत्रे फरशीवर बूड घासत पुढे सरकते आणि घरातील मुले हसतात. यांपैकी एकाही विकाराला शाम्पूचा उतारा नाही. त्यातून दुखऱ्या कानात स्नानाचे पाणी गेले तर विकार बळावतो. अशा वेळी पशुवैद्य गाठावा.

स्नान वाईट, असे मात्र मी कोठेही म्हटलेले नाही. समुद्रात डुंबून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरील खारे पाणी त्याच दिवशी साध्या पाण्याने धुतले पाहिजे. मेलेल्या घुशीवर आनंदाने लोळून आलेल्या महाभागाच्या बाबतीत तर तारीख-वार पाहण्याचे कारणच नाही. त्वचारोगात औषधी शाम्पूने आठवड्यातून दोनदा-तीनदा स्नान घालावे असे पशुवैद्य सांगतात ते यथार्थच असते. पण ती आंघोळ नव्हे, तो इलाज आहे, आणि त्यातील क्लोरहेक्सिडिनसारखे द्रव्य अंगावर सुमारे दहा मिनिटे राहिले तरच लागू पडते, हे ऐकून घेऊनही बहुतेक घरांत तो फेस दोन मिनिटांत धुतला जातो. घरात कोणाला कुत्र्याच्या सान्निध्याने शिंका, दमा यांचा त्रास होत असल्यास आणखी एक अपवाद करावा लागतो. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, स्नानाने कुत्र्याच्या अंगावरील त्रासदायक प्रथिनाचे प्रमाण खरोखरच घटते, परंतु थोड्याच दिवसांत ते पूर्वपदावर येते, तेव्हा उपयोग हवा असेल तर आठवड्यातून दोनदा स्नान घातले पाहिजे. हे ओझे कुत्र्याच्या कातडीने वाहायचे की माणसाने दुसरी काही तजवीज करायची, याचा निर्णय त्या त्या घराने वैद्याच्या सल्ल्याने घ्यावा. साबण मात्र अशा वेळी सौम्यातला सौम्य आणि कुत्र्यांसाठीच बनवलेला असावा.

गोचिडांचा प्रश्न थोडा विस्ताराने घेतला पाहिजे, कारण वारंवार स्नानाचे समर्थन बहुधा त्यांच्याच नावावर होते. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड पाण्याने बुडत नाही आणि साबणाने घसरत नाही. तिची पकड तोंडाची आहे. त्याहून महत्त्वाचे असे की तिच्या आयुष्याचा फार थोडा भाग कुत्र्याच्या अंगावर जातो. अंड्यातून निघालेली अळी, मग तिची मधली अवस्था, मग प्रौढ गोचीड, अशा तिन्ही वेळी ती रक्त पिऊन खाली उतरते, आणि पोट भरलेली मादी भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात किंवा पलंगाच्या फटीत हजारावर अंडी घालून मरते. तेव्हा कुत्रे धुऊन गोचीड हटवू पाहणारा गृहस्थ शत्रूच्या चौकीवर हल्ला करतो आणि त्याची छावणी शाबूत ठेवतो. एर्लिकिया, बॅबेसिया यांसारखे प्राणघातक आजार हीच गोचीड पसरवते, म्हणून तिचा बंदोबस्त औषधानेच झाला पाहिजे आणि तो घराच्या भेगांपर्यंत पोहोचला पाहिजे. येथे साप्ताहिक स्नान उलट आडवे येते. मानेवर थेंब सोडण्याची जी औषधे मिळतात, त्यांतील कित्येक त्वचेवरच्या त्याच स्निग्ध लेपातून अंगभर पसरतात; म्हणून ती सोडण्यापूर्वी दोन दिवस आणि सोडल्यानंतर दोन दिवस स्नान घालू नये, अशी सूचना त्यांच्यासोबत असते. शनिवारी थेंब सोडून रविवारी बादली उपडी करणारे पैसे वाहत्या पाण्यात टाकतात आणि पुढे औषध भेसळीचे निघाले म्हणून दुकानदाराशी वाद घालतात.

स्नान घालायचे ठरलेच तर पाणी कोमट असावे, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पुण्याच्या डिसेंबरातील नळाचे पाणी अंगावर घेतलेल्या किंवा गार तळ्यात पोहलेल्या लॅब्राडोरची शेपटी कधी कधी एकाएकी लुळी पडून चार-पाच दिवस लोंबत राहते, आणि मोडली म्हणून घरात आकांत होतो. कमी लोकांना ठाऊक असते ते घासण्याविषयी. आखूड, ताठ केसांच्या कुत्र्याला जोर लावून, केसांच्या उलट दिशेने रगडले, तर बारीक केस त्वचेत उलटे शिरून मुळांना इजा होते. त्यातच पाणी घालून पातळ केलेला शाम्पू जुन्या बाटलीत कित्येक दिवस साठवलेला असला, तर त्यात स्यूडोमोनास हा जंतू वाढलेला असू शकतो. अशा स्नानानंतर एक-दोन दिवसांत पाठीवर अतिशय ठणकणारे फोड येतात, ताप चढतो, कुत्रे पाठीला हात लावू देत नाही, आणि घरच्यांना मणक्याचे दुखणे वाटते. काटकसरीने पातळ करून ठेवलेली ती बाटली आजच ओतून टाकावी. पातळ करायचे तर त्या वेळेपुरतेच करावे, हाताने केसांच्या कलाने लावावे, आणि फेसाचा अंशही उरणार नाही इतके धुवावे. पुसण्याची घाई नको. ओल्या प्राण्यांच्या अंग झटकण्याचा अभ्यास अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केला. त्यात दिसले की ओले कुत्रे सेकंदाला चार-पाच आवर्तनांच्या गतीने अंग झटकून पापणी लवते न लवते तोच बहुतेक पाणी उडवून देते. आपला टॉवेल त्यानंतर.

राहता राहिला ऋतूंचा विचार. उन्हाळ्यात थोडे साधे पाणी अंगावर घेतलेले चालते, साबण मात्र लागत नाही; मराठवाड्यात तर त्या दिवसांत टँकरचे पाणी माणसांनाही मोजून मिळते, तेथे हा प्रश्न आपोआपच निकालात निघतो. खरी सत्त्वपरीक्षा पावसाळ्याची. मुंबई आणि कोकण येथे जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की एकदा भिजलेले अंग पुरते सुकत नाही, आणि लॅब्राडोरच्या अस्तरात मुरलेली ओल बुरशीला आयते आमंत्रण देते. म्हणून नेमक्या ज्या दिवसांत चिखल पाहून हात बादलीकडे वळतो, त्याच दिवसांत स्नानाची मुदत वाढवावी आणि फडक्यांची संख्याही. फिरून आल्यावर पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांच्या पाळीची आतली बाजू कोरडी करावी, पंख्याखाली बसवावे. महिन्याला चार आंघोळींची वर्गणी आगाऊ घेणाऱ्या ग्रूमरने यावर नाक मुरडले, तर त्याच वर्गणीत तीन वेळा खरारा, नखे आणि कान, व एकदाच आंघोळ असा बदल करून मागावा. धंदा जाणणारा असेल तर तो खळखळ न करता कबूल होतो.

— श्वानमित्र