कॅम्पवरचं रीडिंग

हॉस्टेलवरच्या प्रत्येक ट्रेकरकडे एक फोटो असतोच. मागे बर्फ, हातात तिरंगा, डोळ्यांवर गॉगल. माझ्याकडे नाही. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा नऊ जणांचा ग्रुप हिमाचलात सार पासला गेला, आठ जण पास ओलांडून बरशैणीला उतरले आणि मी आल्या वाटेने कसोलला परत आलो. "काय झालं रे?" असं ज्याने ज्याने विचारलं त्याला मी "पोट बिघडलं" म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. खरं काय ते इथे लिहितो, कारण ते फक्त माझ्यापुरतं आहे असं मला वाटत नाही.

आधी कॅम्पविषयी. घरच्यांना वाटतं ट्रेक म्हणजे चालणं. चालणं असतं रोज पाच-सहा तास, उरलेले अठरा तास कॅम्प! सकाळी सहाला शिट्टी आणि चहा, सातला नाश्ता आणि पॅक लंच, आठला निघायचं. दुपारी पुढच्या कॅम्पला पोचलं की सॅक तंबूत टाकून लगेच आडवं व्हावंसं वाटतं, पण दुपारी झोपायची बंदी. थोडं अजून वर चढायचं, तिथे बसायचं, खाली यायचं. संध्याकाळी सूप, अंधार पडता पडता जेवण, झोपताना बोर्नव्हिटा. आपलं ताट आपण घासायचं, तेही हाडं गोठवणाऱ्या पाण्यात. (आपल्या मेसमध्ये हा नियम लावून बघा, दुसऱ्या दिवशी संप!) टॉयलेट म्हणजे उभा तंबू, आत खड्डा आणि माती ढकलायला खुरपं. मोबाईलची बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर झोपते, नाहीतर सकाळी मेलेली असते.

आमचे आचारी नेपाळचे. सगळे त्यांना 'दाई' म्हणत. नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ, हे कळेपर्यंत आम्ही दोन दिवस उगाच हसत होतो. साडेबारा हजार फुटांवर राजमा कसा शिजतो हे त्यांना विचारलं तर त्यांनी कुकरकडे बोट दाखवलं. थर्मोचा पेपर दिलेल्यांनी स्टीम टेबल काढून बघा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी आणि पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा रात्रभर ठेवला तरी दाताखाली कडकच. दाईंना स्टीम टेबल माहीत नाही, पण कुकरच्या शिट्ट्या प्रत्येक कॅम्पला वेगळ्या मोजायच्या हे माहीत आहे.

तर रोज संध्याकाळी सूपनंतर आमची हजेरी असे. कोविडमध्ये घरोघरी आलेला तो ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, ऑक्सिजन आणि पल्स कार्डावर लिहायचं. मग चार प्रश्न: डोकं दुखतं का, मळमळतं का, थकवा किती, चक्कर येते का. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. याला लेक लुईस स्कोअर म्हणतात. १९९१ साली ठरलेली पद्धत, २०१८ मध्ये सुधारली. डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त असेल तर तो अल्टिट्यूडचा आजार धरायचा आणि लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. यात गंमत अशी की या चार प्रश्नांना दुसरं कुठलंही यंत्र नाही. यंत्र आपणच.

मिनथाचला, सुमारे अकरा हजार फुटांवर, माझं डोकं दुपारपासून ठणकत होतं. माझ्या आधी उभ्या असलेल्या मित्राने हळूच जुगाड सांगितला. चुलीपाशी हात शेक आणि लावायच्या आधी दहा-बारा लांब श्वास घे. हात शेकणं चूक नाही, गार बोटांवर ऑक्सिमीटर चुकतोच. पण ते लांब श्वास मी घेतले ते फक्त आकडा वर यावा म्हणून. तंबूत ८३ दिसलं होतं, गाइडसमोर ९० आलं. डोकेदुखी? "नाही." पोटात अर्ध्या तासापूर्वीची गोळी होती. कार्डावर चार शून्यं पडली आणि मला मनापासून आनंद झाला, व्हायवा सुटल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी नगारू. हा कॅम्प उघड्या धारेवर, वारा तंबू उपटून नेईल असा. जेवण झाल्या झाल्या मला उलटी झाली. गाइडभाईजींनी टॉर्चच्या उजेडात बर्फावर एक रेघ ओढली आणि टाचेला अंगठा लावत तीवरून चालायला सांगितलं. मला चार पावलंही नीट टाकता आली नाहीत. तोल जाणं म्हणजे सूज मेंदूपर्यंत पोचल्याची शंका, आणि त्यावर औषध एकच, खाली उतरणं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "कल से था ना?" मी मान हलवली.

ऑक्सिजन लावला आणि रात्रीच धाकटे गाइड आणि एक दाई मला घेऊन निघाले. कमरेला दोर, दोघांच्या मध्ये मी. मिनथाचला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. खाली येऊ तसं डोकं हलकं होत गेलं, आणि तसतशी लाजही वाढत गेली. दाईंना पहाटे अडीचला उठून पन्नास माणसांचा चहा टाकायचा होता. तो त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी टाकला असणार.

पासच्या दिवशी पहाटे लवकर निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. पुढे बर्फात पायऱ्या खोदत जाणारे दोन गाइड असायचे, त्या दिवशी एकच होते. ग्रुपला उशीर झाला. उताराच्या आधी आमच्यातली एक मैत्रीण कमरेपर्यंत बर्फात गेली. ओढून काढली, काही झालं नाही. हे मला तिने हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

ज्यांना वाटतं हा ट्रेकिंगवरचा लेख आहे, त्यांनी जरा आपलं जर्नल उघडून बघावं. हीट ट्रान्सफर लॅबमध्ये पितळी रॉडला स्टेडी स्टेट यायला दीड-दोन तास लागतात. किती बॅचेस थांबतात? आपण मागच्या वर्षीचं जर्नल घेतो, शेवटचा आकडा थोडा हलवतो आणि पुस्तकातलं उत्तर आणून देतो. ११० च्या आसपास आलं की सही. आपल्याला रीडिंग घ्यायची सवयच नाही, आणायची सवय आहे. मी मिनथाचला जे केलं ते मला तिथे कोणी शिकवलं नाही, पाच सेमिस्टर त्याचाच सराव चालू होता.

"त्यात काय, दोन मार्कांचा प्रश्न, कोणी मरतं का?" असं रूम पार्टनर म्हणाला. खरं आहे, लॅबमध्ये कोणी मरत नाही. पण हात तोच आहे. आणि दोष एकट्या पोरांचा नाही, हे सरांनी रागावू नये म्हणून हळू आवाजात लिहितो. वेगळं उत्तर आणणाऱ्याला 'रिपीट' आणि कॉपी करणाऱ्याला 'व्हेरी गुड' मिळत असेल, तर पोरं हिशेबात कच्ची नाहीत. ट्रेकिंग क्लबचंही तेच. नोटीस बोर्डावर पास करून आलेल्यांचीच नावं लागतात. उतरून आलेल्याचं नाव, कारणासकट, एकदा लावून बघा. माझ्यापासून सुरुवात करा, हरकत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या बॅचचा रॉडचा प्रयोग झाला. सव्वातासाने लॅब बंद करायची वेळ झाली, काटे अजून सरकत होते. माझं उत्तर आलं ७८. तेच लिहिलं आणि खाली लिहिलं, 'स्टेडी स्टेट आलेली नव्हती.' सरांनी लाल पेनाने 'रिपीट' लिहून जर्नल परत दिलं, पण वर विचारलं, "शनिवारी लॅब उघडून दिली तर दोन तास बसशील?"

शनिवारी दहाला जातोय. अजून दोघंजण येतो म्हणालेत.